शिट्टीचे बूट

तीन वर्षांचं मूल स्वतःची चप्पल स्वतः घालतं, पण उलट्या पायांत घालतं. नुसतं नशिबावर सोडलं तरी निम्म्या वेळा बरोबर यायला हवं. तसं होत नाही, मूल नेमकं उलटंच घालतं. हे असं का, याचा मी कित्येक वर्षं विचार केला. शेवटी एकदा चपला समोर मांडून उकिडवा बसलो आणि मुलाच्या उंचीवरून पाहिलं. उलट्या मांडल्या की दोन्ही चपलांची टोकं बाहेरच्या बाजूला वळतात, मोकळी दिसतात. मुलाला तेच बरोबर वाटत असावं. हा माझा अंदाज आहे. डॉक्टरांना विचारायची सोय नाही, कारण ते मला काय म्हणतात ते पुढे येईलच.

या अंकाच्या संपादकांनी मला बाजारातल्या दिवसांवर लिहा म्हटलं. त्यांनी चार पानं देऊ केली, मी सहा मागितली, पाचावर सौदा ठरला. त्यांना वाटलं असेल की मी जीपगाड्या, चिखल आणि उलटलेल्या पेट्या याबद्दल लिहीन. पण बाजारात माझ्यासमोर तीस वर्षं जे बसलं ते म्हणजे लहान मूल. मी बल्लारपूरचा. सातवीनंतर शाळा सुटली, मग दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारला आणि पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या दोन पेट्या घेऊन बाजार करायला लागलो. गोंडपिपरीकडचे, नदीपलीकडचे असे आठवड्याचे चार बाजार. माल फक्त लहान मुलांच्या पायांचा. मोठी माणसं चप्पल झिजेपर्यंत नवी घेत नाहीत, मुलांचे पाय मात्र वाढत राहतात. धंद्याचा हा हिशेब मला कोणी शिकवला नव्हता.

आता अडचण ऐका. आमच्या भागात मुलाचं वय कोणी सांगत नसे. "केवढं आहे लेकरू?" विचारलं की उत्तर यायचं, "मोह पडत होता तवा झालं. आता दोन मोह झाले." म्हणजे मोहाची फुलं गळायचे दोन हंगाम गेले. पुष्कळदा मूल सोबत नसायचंच. बाप येताना पायाच्या मापाची बांबूची काडी तोडून आणायचा. काडी कुडत्याच्या खिशातून काढायची, माझ्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "याच्यापेक्षा बोटभर मोठी दे." पण काडीवरून चाल कळत नाही. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला मऊ तळव्याची चप्पल लागते, मागे पट्टा लागतो. पळणाऱ्या मुलाला तीच दिली तर आठवड्यात फाटते आणि पुढच्या बाजारी बाप भांडायला येतो. म्हणून मी काडीवाल्यांना विचारायला लागलो की मूल काय काय करतं. एकदा एका म्हाताऱ्याला विचारलं, "दोन्ही पायांनं उडी मारते काय नातू?"

म्हातारा म्हणाला, "उडी नाई मारत जी. पन आंब्यावर चढते."

"उतरते काय?"

"उतरत नाई. तिथूनच रडते."

मी त्याला पट्ट्याची दिली.

मूल समोर असलं की काम सोपं. मी म्हणायचो, पाय उचल. दीड वर्षाचं मूल पाय उचलत नाही, बसून घेतं. दोन वर्षांचं उचलतं आणि तोल जातो म्हणून माझे केस धरतं. माझं टक्कल कशामुळे पडलं हे बायको विचारते तेव्हा मी हेच सांगतो. तीन वर्षांचं शहाणं असतं, खांद्यावर हात टेकतं आणि क्षणभर हात सोडूनही पाहतं. चार वर्षांचं कशालाच धरत नाही, एका पायावर उभं राहून इकडेतिकडे बघतं. पाच वर्षांचं त्याच पायावर लंगडी घालत शेजारच्या मिरचीवाल्याकडे जातं. चार वर्षांचं बक्कल लावायला भांडतं, आईला हात लावू देत नाही. नाडी बांधायला सहावं वर्ष उजाडतं. आणि हे सगळं दोन-चार महिने पुढेमागे. कोणी दहाव्या महिन्यात चालतं, कोणी पंधराव्या. दोघंही पुढे सारखेच पळतात. आया माझ्यासमोर रडवेल्या व्हायच्या, "जावेचं चालते, माहं नाई चालत." मी म्हणायचो, "बाई, दोन महिन्यांनी ये, तवा तूच म्हनशील, हे काऊन चालते, एका जागी काऊन नाई बसत." यातल्या जितक्या जणी खरंच दोन महिन्यांनी माल घ्यायला आल्या, तो माझा नफा.

तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिट्टीचे बूट आले. टाचेत बारीक शिट्टी, पाऊल टाकलं की पीं. मला हे बूट फार आवडायचे, कारण त्यांत एक गंमत होती. मुलाला पहिल्यांदा बूट घालून उभं केलं की पहिल्या पावलाला पीं वाजतं आणि मूल थबकतं. खाली बघतं. मग दुसरा पाय हळूच टाकून बघतं. पुन्हा पीं. मग ते माझ्याकडे बघतं, आईकडे बघतं आणि पाय आपटायला लागतं. आवाज आपल्यातूनच निघतो आहे हे ज्या क्षणी कळतं तो चेहरा बघायला मी फुकटसुद्धा बूट घालून द्यायचो. घालायला फुकट. न्यायला नाही.

असाच एका बाजारात देवाजी आला. जंगलातल्या गावचा, धानाची थोडी शेती, बाकी मोह, तेंदूपत्ता, डिंक. सोबत बायको सोनाबाई आणि पोरगी रूपी. थंडी सरत आली होती, सोनाबाई म्हणाली, "तिसरा मोह येऊन राह्यला हिचा." म्हणजे तीनला थोडी कमी. मी बूट घातले. रूपीने माझ्या खांद्याला हात टेकला, वयाप्रमाणे बरोबर. मी तिला उभं केलं. ती चालली. पीं, पीं, पीं. थबकली नाही. खाली बघितलं नाही. सरळ चालत जाऊन मिरचीवाल्याच्या तराजूला हात लावला.

मी पेटीवरचा दुसरा बूट घेतला आणि तिच्या पाठीमागे दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शेजारच्या बाईचं तान्हं बाळ वळलं, ही वळली नाही.

इकडे देवाजी भाव करत होता. भाव करण्याची आमच्याकडे एक रीत आहे. गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतं, दुकानदार गिऱ्हाइकाच्या अकलेला ठेवतो, आणि दोघंही ते मनावर घेत नाहीत. देवाजी त्यात पक्का होता. म्हणाला, "भाई, तुह्या बुटात दम नाई. पाह्य, पोरीनं वळून नाई पाह्यलं. आवाजच बेकार आहे. हे मरतुकडं बूट निम्म्यात दे."

मला मालाला नावं ठेवलेली एरवी चालतात. पण त्या दिवशी सकाळपासून दोघांनी भांडून माल परत केला होता, आणि माझं डोकं मुळातच गरम. मी ताडकन बोललो, "माह्या बुटात दम आहे भाऊ! तुह्या पोरीच्या कानात दम नाई! बहिरी आहे ते!"

आजूबाजूचे सगळे हसले. मिरचीवाला तर टाळी वाजवून हसला. त्यांना वाटलं, देवाजीने मारलं, भाईने परतवलं. उत्तर जोरदार होतं. आणि खरंही होतं, पण ते खरं आहे हे त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं, आणि मलाही पुरतं नाही.

देवाजी हसला नाही. त्याने खाली बसून पोरीचे बूट काढले, एकेक करून माझ्या ताडपत्रीवर फेकले आणि तिला खांद्यावर घेऊन गेला. सोनाबाई मात्र जाताना दोनदा मागे वळली.

घरी बायकोला सांगितलं. नसीम आयुष्यात माझ्यापेक्षा कमी बोलली, म्हणून तिचं बोललेलं लक्षात राहतं. म्हणाली, "सच बोले, पर बाजारवाली जबान में बोले. कौन मानेगा?"

"तो म्हने माह्या बुटात दम नाई."

"बूट तुमची बेटी है क्या?"

यावर मी जेवणाचं ताट सरकवून उठलो. रागात जे करायचं तेच केलं.

यानंतर देवाजी माझ्याकडे येईना. बाजारात दिसायचा, पण दुसऱ्याच दुकानातून चपला घ्यायचा. मीही हट्टी. पोरगी त्याची, कान तिचे, मी कशाला जाऊ? भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो हे मी शिकलो होतो, आणि तेच शहाणपण मी इथे लावत बसलो. मध्ये उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एका बाजारी पाहिलं, सोनाबाई रूपीला हाक मारत होती. तीनदा हाक मारली. पोरगी फुगेवाल्याकडे बघत उभी. मग सोनाबाई चालत गेली, खांद्याला हात लावला आणि रूपी हसून लगेच मागे आली. सोनाबाईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिला ती सवयच झाली होती.

देवाजीच्या गावची अंगणवाडी सेविका लताबाई माझी गिऱ्हाईक होती. तिची आणि माझी ओळख एका यादीवरून. तिच्याकडे वरून एक कागद आलेला होता. कोणत्या वयाच्या मुलाने काय करावं आणि पुढे हो किंवा नाही लिहायचं. त्यात एक ओळ होती, जिना चढतो का. गावात एकाही घराला जिना नव्हता. लताबाईने प्रामाणिकपणे सगळ्या मुलांपुढे नाही लिहिलं. वरून विचारणा आली की या गावातली सगळीच मुलं मागे कशी? बाई माझ्याकडे येऊन वैतागत होती, तेव्हा मी माझ्या तीन पेट्या पायऱ्यांसारख्या रचून दिल्या होत्या. बाजाराला आलेली तिची सगळी मुलं त्यावर चढून उतरली. एक वरून उतरायला तयारच नव्हतं, ते वेगळं.

तिला मी रूपीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "चांगली आहे जी. पळते, उडी मारते, ठोकळ्यावर ठोकळा ठेवते. हातानं जेवते, सांडत नाई. रेघ काढ म्हनलं तं..." इथे ती थांबली.

"म्हनलं तं काढते?"

"मी काढून दाखवते, मंग काढते."

"आनि बोलते?"

"घरी गोंडी बोलतात ना चाचा. मले गोंडी येत नाई. मले वाटते, तिले माही मराठी समजत नसन."

"आनि सोनाबाई काय म्हनते?"

"बापही उशिराच बोलला म्हने."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. आईला वाटत होतं बापावर गेली. लताबाईला वाटत होतं भाषेचं आहे. देवाजीला वाटत होतं बुटाचं आहे. प्रत्येकाजवळ कारण होतं आणि प्रत्येक कारण चांगलंच होतं. त्यात ती पोर भलतीच हुशार. तोंडं बघून, हात बघून सगळं ओळखायची. सगळे उठले की उठायची, सगळे बसले की बसायची. यादीत तिच्यापुढे सगळीकडे हो होतं. मूल जितकं हुशार, तितकं ते लवकर सापडत नाही, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते.

दसरा तोंडावर आला होता. मी एक बाजार बुडवला, एक पेटी जीपवर टाकली आणि त्या गावी गेलो. बाजारात बसणारा माणूस डोक्यावर पेटी घेऊन गावात फिरला की बाकीचे दुकानदार समजतात, याचं बुडालं. मिरचीवाल्याने महिनाभर मला तसं विचारून छळलं. असो. अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो. चपला आल्या म्हटल्यावर गाव जमा झालं. देवाजी लांब, बैलाजवळ उभा राहिला.

मी लताबाईला म्हटलं, पोरांना भिंतीकडे तोंड करून बसव, खेळ करू. दहा-बारा मुलं बसली. मी मागून चाललो आणि एकेकाच्या मागे बूट दाबत गेलो. पीं. मूल वळायचं, हसायचं. पीं. वळायचं. आया हसत होत्या. रूपीच्या मागे आलो. पीं. ती भिंतीवरची मुंगी बघत होती. पुन्हा दाबला, जरा जवळून. तिच्या दोन्ही बाजूंची मुलं वळली. ती नाही वळली. मी तिसऱ्यांदा दाबला नाही. गरज नव्हती. हसणं थांबलं होतं.

सोनाबाई पुढे आली आणि मुलीच्या मागे उभी राहून तिने नुसतं "रूपी" म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मग गोंडीत काहीतरी म्हटलं जे मला कळलं नाही. मग ती तिथेच खाली बसली.

देवाजी ओट्यापर्यंत आला. मला वाटलं, मारतो. त्याने विचारलं, "त्या दिवशी खरं बोलून राह्यला होता का तू?"

"हो."

"मंग तसं काऊन नाई बोलला?"

आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना उत्तरं दिली. त्या दिवशी हातातला बूट पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

पुढचं थोडक्यात सांगतो. तालुक्याला तपासणीचं शिबिर होतं, मी, लताबाई आणि ते तिघं गेलो. रांगेत डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून लक्षात आलं? देवाजीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी पिशवीतला शिट्टीचा बूट काढून सांगायला लागलो की मूल पहिल्या पावलाला थबकतं, खाली बघतं. डॉक्टर म्हणाले, "आपण चपला विका. हे आम्ही बघतो." एवढंच. माणूस वाईट नव्हता, रांग मोठी होती. पण मी वीस वर्षं झाली ते वाक्य विसरलेलो नाही, आणि ज्या मुलांचे पाय मी हातात धरले त्यांची संख्या त्या डॉक्टरांनी तपासलेल्या कानांपेक्षा जास्त असेल यावर मी आजही पैज लावायला तयार आहे.

मग नागपूरच्या फेऱ्या. रूपीला थोडं ऐकू येत होतं, फार थोडं, ढोल वाजला तर कळायचं एवढं. छातीवर अडकवायचं एक डबीसारखं यंत्र मिळालं, त्यातून वायर कानात. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं की भाषा शिकायचं मुलाचं खरं वय हेच, पहिली चार-पाच वर्षं. या वयातला एकेक महिना मोलाचा. मी बाहेर बाकावर बसून बोटांवर मोजलं. थंडी सरतानापासून दसऱ्यापर्यंत. आठ महिने. ते माझ्या तोंडाने खाल्ले. हे मी देवाजीला कधी बोलून दाखवलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. त्याला मोजता येत नव्हतं अशातला भाग नाही.

दोन-तीन वर्षांनी तालुक्याला कार्यक्रम झाला. लताबाईला शाल, श्रीफळ. तिचा मान होताच, जंगलवाटेने पोरीला घेऊन ती किती वेळा गेली हे मला माहीत आहे. पण भाषण करणाऱ्याने म्हटलं, "एका जागरूक पालकाच्या हे लक्षात आलं." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून बाहेर आलो. लताबाई मागे धावत आली, "मी तुमचं नाव लिहून देल्लं होतं चाचा. त्यानं वाचलंच नाई."

मी म्हटलं, "मले काय करायचं नावाचं."

हे खोटं होतं. मला नाव पाहिजे होतं. अजूनही पाहिजे. नसीम म्हणते, आठ महिने उनके गए, एक नाम तुम्हारा गया, हिसाब बराबर. मला तो हिशेब पटत नाही, पण खोडताही येत नाही.

रूपी मुक्या-बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत गेली. सुट्टीत गावी यायची. बोलायला शिकली, पण तिचं बोलणं घरचे सोडून इतरांना कमी कळायचं. लिहायला फार चांगली शिकली.

दहा-अकरा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी, ती बाजारात एकटीच माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. सोनाबाई पलीकडे कांदे घेत होती. कानातली वायर काढून तिने डबीला गुंडाळली होती. बाजाराचा गलका त्या यंत्रातून डोक्यात खुपतो, असं सोनाबाईने मला नंतर सांगितलं. रूपीने काळे शाळेचे बूट उचलले, वाकवून पाहिले, शिलाईत नख घातलं. बापाची लेक. मग भुवई उडवली, म्हणजे, केवढ्याला?

मी बोटांनी भाव सांगितला, एक बोट म्हणजे दहा रुपये. तिने मान हलवली आणि बरीच बोटं मिटून उरलेली दाखवली. मी छातीवर हात मारला, म्हणजे मेलो. तिने शिलाईतला एक सुटलेला धागा माझ्या नाकासमोर धरला. मी एक बोट मिटलं. ती तशीच. गर्दी जमली. मिरचीवाला म्हणाला, "देऊन टाक ना भाई. बिचारी आहे."

माझं डोकं फिरलं. "बिचारी कोन? भाव करून राह्यली ना ते? तू आपली मिरची पाह्य."

पाव तास गेला. अखेर दोघांमध्ये एकाच बोटाचा फरक उरला. तिने बूट खाली ठेवले, खांदे उडवले आणि पाठ फिरवून चालायला लागली.

गिऱ्हाईक असं निघतं तो भाव करण्याचा शेवटचा डाव असतो. दुकानदार पाच-सात पावलं जाऊ देतो, मग हाक मारतो, "ये बाई, ने." गिऱ्हाईक वळतं, दोघांची इज्जत राहते. मी पाच पावलं मोजली आणि सवयीने, सगळा जोर लावून हाक मारली, "ये रूपी! ने!"

अख्खा बाजार वळला. ती नाही वळली.

दुकानावरून गिऱ्हाइकामागे मी कधी उठलो नव्हतो. जो उठतो त्याचा भाव गेला. मी उठलो. पायांत काही नव्हतं, जमीन तापलेली, तसाच कांद्यांच्या ढिगांमधून चटके खात पळालो आणि भाजीच्या रांगेशी तिच्या खांद्याला हात लावला.

ती वळली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग हात वर करून बोटं दाखवली.

मघापेक्षा एक कमी.